मेलखाली माझं नाव

परदेशी ग्राहकाबरोबरच्या माझ्या पहिल्याच फोन-मीटिंगमध्ये मी म्हणाले, "आय हॅव अ डाउट."

मला साधा प्रश्न विचारायचा होता. नव्या ड्रॉइंगमध्ये भोकाचं माप एका जागी आठ दिलं होतं आणि दुसऱ्या जागी साडेआठ. त्यातलं कुठलं धरायचं, एवढंच. पॉलिटेक्निकात आम्ही सगळे डाउटच विचारत आलो. "सर, एक डाउट आहे," म्हटलं की सर खडू थांबवून वळायचे. पण त्या दिवशी स्पीकर गप्प झाला. मग पलीकडची बाई थंड आवाजात म्हणाली, आमच्या ड्रॉइंगवर तुमचा अविश्वास कशामुळे? आमच्या साहेबांनी पटकन बटण दाबून आमच्याकडचा आवाज बंद केला आणि मला म्हणाले, "क्वेश्चन म्हण गं, क्वेश्चन! डाउट म्हणजे तू त्यांच्यावर संशय घेतेयस."

मराठीत शंका विचारतातही आणि घेतातही, आणि ऐकणाऱ्याला त्यातला फरक लगेच कळतो. इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळे शब्द लागतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी कानापर्यंत लाल झाले. मीटिंग संपेपर्यंत पुन्हा तोंड उघडलं नाही.

आमची वस्ती मुळशीतल्या उरवडे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला. वडील शेळ्या-मेंढ्या राखायचे. आई लोकांच्या भातलावणीला, काढणीला जायची आणि खाली कारखाने आल्यावर त्यातल्या एकात झाडलोटीला लागली. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि घरापासून चालत अर्ध्या तासावरच्या कारखान्यात तपासणी विभागात चिकटले. आम्ही दवाखान्यातल्या पलंगांचे भाग बनवतो. पलंगाच्या कडेला वर-खाली होणारा जो कठडा असतो, त्याची बिजागरं आमच्याकडे होतात. ती बाहेरच्या देशात जातात, तिथे पलंगाला लागतात. मी ती मोजायची, तपासायची आणि रिपोर्ट इंग्रजीतून ग्राहकाला मेल करायचा, असं माझं काम.

साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. कोथरूडहून गाडीने यायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. माप घ्यायचा व्हर्निअर कसा धरायचा हे मला त्यांनीच हातात हात घेऊन शिकवलं होतं आणि माझ्या पहिल्या दहा मेलांमधल्या चुका त्यांनी न चिडता काढल्या होत्या. त्या डाउटच्या प्रकारानंतर त्यांनी मॅनेजमेंटकडे बोलून आमच्यासाठी शनिवारचा इंग्रजीचा वर्ग सुरू करून घेतला. शिकवायला हिंजवडीहून एक बाई यायच्या. तिथल्या मोठ्या कंपन्यांमधून त्या हेच शिकवत.

बाई चांगल्या शिकवायच्या. 'डू द नीडफुल' लिहू नका, परदेशात ते कुणाला कळत नाही. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं नव्हे, पूर्वीच्या जागी परत जाणं. 'डिस्कस' नंतर 'अबाउट' लागत नाही. 'टुडे मॉर्निंग' नाही, 'धिस मॉर्निंग'. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता पाठ केलं. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? एखादं माप जसं बरोबर बसतं, तसा योग्य शब्द योग्य जागी बसला की मला बरं वाटायचं.

पुढच्या महिन्यात बाईंनी दुसरा भाग काढला. वाईट गोष्ट चांगल्या तऱ्हेने कशी सांगायची. 'प्रॉब्लेम' म्हणू नका, 'चॅलेंज' म्हणा. 'नो' म्हणू नका, 'लेट मी चेक अँड कम बॅक' म्हणा. 'यू आर राँग' म्हणायचं असलं तर 'आय सी इट डिफरंटली' म्हणा. आणि आपल्याकडून काही राहिलं असेल तर 'आय मिस्ड इट' न लिहिता 'इट वॉज मिस्ड' लिहा. तेही मी उतरवून घेतलं.

त्या संध्याकाळी आई चुलीपाशी होती. मी तिला गंमत म्हणून हे सांगितलं. कुणी केलं ते वाक्यात येऊच द्यायचं नाही, अशी इंग्रजीत सोय आहे.

"मंजी 'फुटलं' म्हनायचं," आई म्हणाली, "'फोडलं' न्हाई म्हनायचं."

"व्हय, तसंच."

"मंग त्यात नवीन काय शिकावलं? तू चार वर्साची व्हतीस तवा मडकं फोडून हेच म्हनत व्हतीस."

मी हसले. पण सोमवारी कामावर गेल्यावर मी तसंच लिहायला लागले. माझे मेल गुळगुळीत झाले. ग्राहकाकडच्या बाईने एकदा 'वेल रिटन' असं लिहून पाठवलं, साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. वर्षभरात विभागातले सगळे जण मेल पाठवायच्या आधी माझ्याकडून तपासून घ्यायला लागले. वस्तीवरची पोरगी पुण्याच्या इंजिनिअरांचं इंग्रजी तपासतेय, याचा मला माज आला होता. आलाच होता.

मग तो सोमवार आला.

माल पॅकिंगला जाण्याआधी दर लॉटमधले पन्नास नग माझ्याकडे येतात. वेल्डिंगच्या जोडावर आम्ही लाल रंग फवारतो, थोडा वेळ मुरू देतो, पुसून टाकतो आणि वरून पांढरी पावडर मारतो. जोडात कुठे चीर असली तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. एरवी पन्नासच्या पन्नास नग पांढरेशुभ्र राहतात. त्या दिवशी चौथ्याच नगावर, जोडाच्या कडेला, केसाएवढी लाल रेघ आली. मला वाटलं, नीट पुसलं गेलं नसेल. पुन्हा सगळं केलं. पुन्हा तिथेच रेघ. पन्नास संपेपर्यंत अकरा नग बाजूला पडले होते.

आमच्याकडचे वेल्डर मामा, पन्नाशी ओलांडलेले, पिरंगुटच्या बाजूचे, त्यांना मी बोलावून आणलं. ते आईच्या ओळखीचे, म्हणून मी लहानपणापासून त्यांना मामाच म्हणते. त्यांनी नग उजेडात धरला.

"रंग सांडला आसंल," ते म्हणाले.

"दोनदा केलं मामा."

त्यांनी दुसरा नग उचलला, तिसरा उचलला, आणि आपल्या मशीनकडे निघून गेले.

त्याच्या आधीचा लॉट माझ्याच तपासणीत पांढरा उतरून ग्राहकाच्या गोदामात पोचलेला होता. दर लॉटमधले पाच नग आम्ही कपाटात राखून ठेवतो. ते काढले. पाचातल्या दोनांवर तशीच रेघ. मग मी अकरातला एक नग करवतीवर मधोमध कापून घेतला, कापलेली बाजू घासून चकचकीत केली आणि भिंगाखाली धरली. चीर वरवरची नव्हती. पत्र्याच्या निम्म्या जाडीपर्यंत आत गेली होती.

मी जागेवर बसले आणि मेल लिहिला. वेल्डमध्ये मला क्रॅक सापडले आहेत. हे दोन लॉट वापरू नका. सोबत फोटो जोडले आहेत. पाठवायच्या आधी साहेबांना दाखवला.

साहेबांनी वाचला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, कीबोर्ड आपल्याकडे घेतला आणि लिहायला लागले. त्यांनी लिहिलं ते असं होतं: नेहमीच्या तपासणीदरम्यान काही थोड्या नमुन्यांवर 'मायनर सरफेस इंडिकेशन्स' आढळून आली आहेत. कारणांचा अभ्यास चालू आहे. 'वी शॅल रिव्हर्ट शॉर्टली.'

"सर, इंडिकेशन कशाला? क्रॅकच आहे."

"तपासणीच्या भाषेत रेघ दिसली की तिला इंडिकेशनच म्हणतात. पुस्तकात बघ हवं तर."

"ते कापून बघायच्या आधी. मी कापून बघितलंय."

"एक कापलास. अकरा कापलेस का?"

"मग अकरा कापते."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "अगं, तुझं इंग्रजी आता एवढं सुधारलंय आणि तू हे गावाकडच्यासारखं काय लिहितेस? क्रॅक हा शब्द एकदा मेलमध्ये गेला की परत घेता येत नाही. आणि यात मी खोटं काय लिहिलंय? एक शब्द दाखव."

मी वाक्यं पुन्हा वाचली. एक शब्द दाखवता येईना. सुटा सुटा प्रत्येक शब्द खराच होता. सगळे मिळून वाचले की मात्र काही झालंच नाहीये असं वाटत होतं.

"हे वाचून तिकडची माणसं गोदामातला माल थांबवतील का, सर?"

"थांबवू नये म्हणून तर..." साहेब बोलता बोलता थांबले. "घाबरू नये म्हणून. आपल्याला आठ दिवस हवेत. कारण सापडलं की सगळं एकदम सांगू."

"आठ दिवसांत ते पलंगाला बसवतील."

"बसवले तरी लगेच काही तुटत नाही."

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. "आणि ते 'रिव्हर्ट' चूक आहे, सर. बाईंनी सांगितलंय."

साहेब हसले. त्यांनी 'रिव्हर्ट' खोडून 'गेट बॅक टू यू' केलं, माझी पाठ थोपटल्यासारखं केलं आणि उठले. जाता जाता म्हणाले, "हा ड्राफ्ट सेव्ह करून ठेव. वरती एकदा बोलतो. उद्या सकाळी तुझ्या नावाने जाऊ दे, तपासणीचे मेल तूच पाठवतेस, म्हणजे रोजच्यासारखं वाटेल."

घरी जाताना चढावर मी दोनदा थांबले. दम लागला म्हणून नाही. मला वडलांची आठवण येत होती. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी सहावीत असताना आमच्या कळपाला लाळ्या-खुरकूत झाली. सकाळी दोन शेळ्या लंगडायला लागल्या, तोंडातून लाळ गळायला लागली. वडलांनी जनावरं बांधून टाकली, मला आणि आईला राखणीला बसवलं आणि काठी घेऊन निघाले. त्या डोंगरावर चरायला जेवढे कळप यायचे, त्या सगळ्यांच्या दारात ते जाऊन आले. शेवटी एका घराशी गेले, त्या माणसाशी आमचं बोलणं बंद होतं. चराईवरून मारामारी झालेली. वडील त्याच्या अंगणात गेले नाहीत. बाहेर बांधावर उभे राहिले आणि ओरडले, "माझ्या जनावरांना खुरकूत झालीया. वढ्याच्या पान्यावर तुजी आणू नगंस." एवढं बोलून परत फिरले. मी राखण आईवर सोडून त्यांच्या मागे पळत गेले होते, म्हणून मला माहीत आहे. त्या सालात आमच्या कळपाच्या जवळ कुणी फिरकलं नाही. पाव्हणेसुद्धा यायचे टाळत. हे असं होणार, हे वडलांना बांधावर उभं राहतानाच ठाऊक होतं.

जेवताना मी आईला दोन्ही मेल मराठीत करून सांगितले. तिने भाकरी मोडायची थांबवली.

"त्या पलंगावर मानसं झोपत्यात न्हवं?"

"व्हय."

"म्हातारीकोतारी? कठडा धरून उठनारी?"

"व्हय, आये."

"मंग तुजा सायब कुनाला भितोय?"

"वरच्यांना. कामाला."

"आन तू?"

"मी बी भितेय."

"भी की," आई म्हणाली. "पर लिव."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या आधी पोचले. उरलेले दहाही नग कापले. दहांपैकी दहांमध्ये चीर आत गेलेली होती. साहेब आले तेव्हा ते सगळे तुकडे मी त्यांच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते.

त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं. "मेल गेला?"

"नाही, सर."

"का?"

रात्रभर मी हे वाक्य मनात घोळवलं होतं. "माझ्या नावाने जाणार असेल तर माझ्या शब्दांत जाईल, सर. ते शब्द तुमचे आहेत. ते तुमच्या नावाने पाठवा."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. "मला धमकी देतेस?"

"नाही, सर. फक्त नावाचं सांगतेय."

मग त्यांनी खरंच आपला कॉम्प्युटर उघडला. कालचा ड्राफ्ट आपल्या मेलमध्ये चिकटवला. खाली त्यांचं नाव, त्यांचा हुद्दा. मी समोर उभी होते. त्यांचं बोट माउसवर होतं. ते मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होते, जणू कुणी तिसऱ्यानेच लिहिलाय. पाठवला मात्र नाही. मोबाइल वाजला, तो घेऊन ते बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

आपल्या नावाने त्यांनाही ते शब्द पाठवायचे नव्हते, हे मला कळलं होतं. मी माझ्या जागेवर गेले आणि माझा मेल पुन्हा लिहिला. इंग्रजीत मला जेवढी काळजी घेता येत होती तेवढी घेतली, कारण व्याकरणाची एक चूक सापडली असती तरी लोक त्यालाच धरून बसले असते. 'आय फाउंड क्रॅक्स' लिहिलं. 'वेअर फाउंड' लिहिलं नाही. 'फ्यू' च्या जागी पन्नासात अकरा असा आकडा घातला. राखून ठेवलेल्या पाचातल्या दोनांचं लिहिलं. कापलेल्या नगांचे फोटो जोडले. 'डू नॉट यूज' हे शब्द एका ओळीत एकटे ठेवले, म्हणजे चष्मा न लावताही दिसतील. बाईंनी शिकवलेलं शेवटचं वाक्य, 'सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स', बोटांना इतकं सवयीचं झालं होतं की ते आपोआप टाइप झालं. ते मी पुसलं. कठडा तुटून माणूस खाली पडला तर त्याला कुणी गैरसोय म्हणत नाही.

साहेबांना कॉपी ठेवली आणि पाठवून दिला.

दुपारी अडीचला, तिकडे दिवस सुरू झाल्या झाल्या, फोन आला. मीटिंगच्या खोलीत साहेब, मी आणि वरचे दोघे. मागे ड्रॉइंगच्या वेळी होती तीच बाई बोलत होती. तिने सरळ विचारलं, तुमची खात्री आहे का?

साहेबांनी सुरुवात केली, "वी आर स्टिल इन द प्रोसेस ऑफ..."

मी मधेच बोलले. इंग्रजीत मी त्यांना कधीही मधे तोडलं नव्हतं. मराठीतही नाही. "येस. आय कट इलेव्हन पार्ट्स. ऑल इलेव्हन हॅव क्रॅक्स."

पलीकडे शांतता झाली. तशीच, पहिल्या वेळेसारखी. या वेळी मला लाज वाटली नाही. मग बाई तिच्याकडच्या कुणालातरी काही बोलली आणि आम्हाला म्हणाली की गोदामातला माल आत्ता बंद करतोय, त्यातले काही नग कालच पुढे गेलेत, तेही मागवून घेतोय. आभार वगैरे मानले नाहीत. आवाजात राग होता आणि तो असायलाच हवा होता.

त्यानंतरचे तीन महिने वाईट गेले. ग्राहकाने आपला तपासनीस आमच्या कारखान्यात आणून बसवला. प्रत्येक नग दोनदा तपासायचा. पॅक झालेली खोकी फोडून पुन्हा भरायची. सात-आठ रविवार कुणाला सुट्टी मिळाली नाही. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाची भाताची कापणी होती. कँटीनमध्ये मी ताट घेऊन बसले की बाक रिकामं व्हायचं. "इंग्लिश मॅडम आल्या," असं एकजण मोठ्याने म्हणायचा. मामा माझ्याशी बोलेनासे झाले. वेल्डिंग त्यांचं, म्हणजे चूक त्यांची, असं सगळे धरून चालले होते, आणि ते मी जगाला लेखी कळवलं होतं.

कारण सापडलं ते दीड महिन्याने. वेल्डिंगच्या तारेची खोकी स्टोअरमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवलेली असायची. मुळशीचा पाऊस आणि ती भिंत. तारेला ओल धरली होती. ओल्या तारेने केलेला जोड वरून छान दिसतो आणि नंतर, कधी काही दिवसांनी, आतून तडकतो. मामांचा हात बरोबरच होता. तो रिपोर्ट मी लिहिला नाही, कारण तोवर मेलचं काम माझ्याकडून काढून घेतलं होतं. पुण्याहून एक नवीन मुलगी घेतली होती, इंग्रजी शाळेत शिकलेली, तिच्याकडे ते दिलं होतं. पण त्या रिपोर्टचं मराठी मीच केलं, छापून घेतलं आणि मामांच्या मशीनवर चिकटवलं. मामांनी ते वाचलं. दोन दिवसांनी चहाच्या वेळी माझ्या शेजारी येऊन बसले.

"मला आदी सांगायचं व्हतंस," ते म्हणाले.

"सांगितलंच होतं, मामा. नग तुमच्याच हातात दिला होता."

"व्हय," ते म्हणाले. "मला बगायचं नव्हतं."

मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापनाचा कागद आला. बाकी सगळं चांगलं होतं. 'कम्युनिकेशन' पुढे लिहिलं होतं, सुधारणा आवश्यक. त्यावरून बढती राहिली. मी त्या मेलची प्रिंट काढली आणि एचआरच्या साहेबांसमोर ठेवली, लाल पेनासकट.

"यातलं कुठलं वाक्य चुकलंय?"

"चूक तशी नाही हो," ते म्हणाले. "टोनचा प्रश्न आहे."

"टोन कुठल्या ओळीत आहे? खूण करा, मी सुधारते."

त्यांनी पेन घेतलं. सातही ओळी वाचल्या. पेन खाली ठेवलं. "असं शब्दावर बोट नाही ठेवता येत."

मूल्यमापनाच्या कागदावर खाली कर्मचाऱ्याच्या अभिप्रायासाठी दोन ओळींची जागा असते. सगळे तिथे 'थँक यू' लिहितात. बाईंनी शिकवलेलं 'आय सी इट डिफरंटली' मला येत होतं. मी 'आय डू नॉट अग्री' लिहिलं आणि सही केली. तो कागद अजून त्यांच्या फायलीत असेल. असू दे.

नोकरी मी सोडली नाही. वस्तीवरच्या बायकांना वाटलं होतं सोडेन. का सोडावी? अर्ध्या तासावर कारखाना आहे आणि काम मला येतं. पावसाळ्याच्या तोंडाला ग्राहकाकडून रिपोर्टचा नवा नमुना आला. त्यात वाक्यं लिहायला जागाच नव्हती. क्रॅक: आहे किंवा नाही, चौकटीत खूण. खाली तपासणाऱ्याचं नाव. हे माझ्यामुळे झालं की त्यांच्याकडच्या दुसऱ्याच कुणामुळे, मला माहीत नाही. साहेबांनी तो छापून आणला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा तूच भर." त्या वेळी आमचं त्यावर तेवढंच बोलणं झालं.

पुढे ते दुसऱ्या कंपनीत गेले. निरोपाच्या दिवशी वडे खाताना मला म्हणाले, "त्या दिवशी तो मेल मी पाठवला असता ना..."

"कुठला, सर? तुमचा की माझा?"

त्यांनी वडा अर्धा तसाच कागदावर ठेवला आणि हात पुसत राहिले. मला वाईट वाटलं, पण प्रश्न परत घ्यावासा वाटला नाही.

माझ्या इंग्रजीत आजही 'इन' आणि 'ऑन' ची गल्लत होते. पुण्याहून आलेली ती मुलगी आता माझ्या शेजारीच बसते, ती सांगते, मी सुधारते. तिच्याकडून शिकायला मला कमीपणा वाटत नाही. गेल्या वर्षापासून कंपनीने सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक नवीन सोय बसवली आहे. तुम्ही मेल लिहायचा, एक बटण दाबायचं, की तो मेल आपोआप सभ्य होऊन समोर येतो. स्पेलिंगला चांगलं आहे. मी वापरते.

परवा एका लॉटमध्ये खिळ्याचं भोक मोठं निघालं. मेल त्या मुलीने लिहिला, अगदी सरळ: मी सांगेपर्यंत हा लॉट वापरू नका. मग तिने बटण दाबलं. समोर जे आलं ते असं होतं, 'यू मे विश टू कन्सिडर होल्डिंग धिस लॉट.'

"हे जास्त छान वाटतंय ना?" तिने विचारलं.

"मराठीत काय होईल त्याचं?"

तिने विचार केला. "तुम्हाला... वाटलं तर... थांबवायचा विचार करून बघा."

"असं मामांना सांग बरं. मशीनमध्ये हात घालू नका म्हणायच्या ऐवजी."

ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मग तिने ते सभ्य वाक्य काढून टाकलं, आपलं पहिलं परत आणलं, आणि त्याच्या आधी 'प्लीज' घातलं.

"प्लीज चालेल?" ती म्हणाली.

"चालेल की," मी म्हटलं. "प्लीज म्हणायला आपली कधीच ना नाही. लॉट थांबला पाहिजे."